पायाची सायकल की मुठीची? ई-सायकलचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

साधारण २०१८ सालची गोष्ट. माझे एक जुने पेशंट, वय अठ्ठावन्न, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, शुगर गोळ्यांवर, वजन ब्याऐंशी किलो, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तपासणी झाल्यावर जाता जाता त्यांनी विचारलं, "डॉक्टर, बॅटरीवरची सायकल घेऊ का? साधी घेतली होती. कोथरूडपर्यंत मजेत येतो, पण परत बावधनला जाताना चांदणी चौकाचा चढ आला की उतरून ढकलावी लागते. धाप लागते. मग दुसऱ्या दिवशी काढावीशीच वाटत नाही."

बाहेर दहा-बारा पेशंट बसले होते. मी मान वर न करता म्हणालो, "अहो, मोटर लावल्यावर व्यायाम कसला? ती स्वतःचीच फसवणूक. त्यापेक्षा रोज पाऊण तास चाला."

ते चालले नाहीत. गुडघे दुखतात हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं आणि केसपेपरवर ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. साधी सायकल बाल्कनीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले. वर्षभराने एचबीएवनसी ७.१ वरून ८.६ वर गेलं, वजन चार किलोने वाढलं. गोळ्यांचा डोस वाढवताना मला माझं वाक्य आठवलं. हा सल्ला मी कशाच्या आधारावर दिला होता? खरं सांगायचं तर कशाच्याच नाही. घाम आणि त्रास झाला तरच तो व्यायाम, हा लहानपणापासूनचा समज होता, आणि मी तो वैद्यकीय सल्ला म्हणून खपवला होता.

त्यानंतर मी ई-सायकलबद्दल वाचायला लागलो. तंत्रज्ञान समजून घ्यावं एवढाच हेतू होता. पण वाचता वाचता लक्षात आलं की हा वाद माझ्या ओपीडीत सुरू झालेला नाही. सायकल जन्मली तेव्हापासून डॉक्टर आणि सायकलवाले यांचं यावरून भांडण चालू आहे. किती कष्ट म्हणजे जास्त, किती मदत म्हणजे फसवणूक? आणि हे ठरवणार कोण?

डॉक्टरांना आधी उलटी भीती होती

१८८०च्या दशकाच्या शेवटी दोन्ही चाकं सारखी असलेली, साखळीची, हवा भरलेल्या टायरची सायकल आली आणि पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेत तिचं वेड पसरलं. त्या काळातली वैद्यकीय नियतकालिकं वाचली तर गंमत वाटते. सायकल फार सोपी आहे ही तक्रार कुठेच नाही. तक्रार आहे ती सायकल फार कष्टाची असल्याची. चढावर जोर लावल्याने हृदय ताणलं जाईल, मोठं होईल, ही भीती होती. वाकून बसल्याने पाठीला कायमचं कुबड येईल, असं सांगितलं जायचं. तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा ओढलेला, डोळे वटारलेले होतात, यालाही नाव मिळालं होतं, 'बायसिकल फेस'. इंग्लंडमधल्या आर्थर शॅडवेल नावाच्या डॉक्टरांनी १८९७ साली सायकलच्या छुप्या धोक्यांवर लेखच लिहिला. बायकांना तर या चेहऱ्याची भीती जास्तच घातली जायची. त्यामागे वैद्यकशास्त्र किती आणि बायका एकट्या घराबाहेर पडतायत याची धास्ती किती, हे वाचकांनीच ठरवावं.

सगळेच डॉक्टर असे नव्हते. सर बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन हे लंडनमधले नामांकित डॉक्टर स्वतः तीनचाकी सायकल चालवायचे आणि तिचा प्रचार करायचे. मात्र हृदयावर अतिरेकी ताण येऊ देऊ नका, हे तेही बजावत. आज मागे वळून पाहिलं तर त्यांचं हे म्हणणं चुकीचं नव्हतं. आजारी हृदयाला चढ खरोखर जड जातो. त्या काळी आजारी हृदय आणि निरोगी हृदय वेगळं ओळखायची साधनंच नव्हती, म्हणून भीती सरसकट सगळ्यांवर लादली गेली.

आणि नेमक्या याच दशकात विजेच्या सायकलचं पेटंट निघालं. ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन यांना ते मिळालं. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, बॅटरी फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात. आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त ई-सायकलची रचना पाहा, जवळजवळ तीच आहे. दोनच वर्षांनी, १८९७ च्या अखेरीस, बॉस्टनच्या होझिया लिबी यांनी दुसरं पेटंट घेतलं. यांच्या सायकलला दोन मोटरी होत्या, त्याही पेडलच्या धुरीपाशी. सपाटीला एक चालवायची, चढाला दोन्ही. मला हे लिबी फार आवडतात. कारण सायकलस्वाराला मदत कायम लागत नाही, चढावर लागते, ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती.

पण शिशाच्या बॅटऱ्या भयंकर जड. त्यात मोटारी आणि पेट्रोलच्या मोटरसायकली आल्या, आणि विजेची सायकल पेटंटच्या कागदांत जवळपास शतकभर पडून राहिली. मधूनमधून प्रयत्न झाले, १९३०च्या दशकात नेदरलँड्समध्ये गझेल आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून एक काढली होती. कुठलाच प्रयत्न टिकला नाही.

गिअर म्हणजे लबाडी

मोटरच्या आधी सायकलस्वारांनी ज्या गोष्टीला लबाडी ठरवलं होतं ती म्हणजे गिअर. होय, साधे गिअर. फ्रान्समध्ये १९०२ साली डोंगराळ रस्त्यावर सायकलींची एक चाचणी झाली. त्यात मार्त हेस नावाच्या बाई तीन गिअरची सायकल घेऊन उतरल्या आणि बिनगिअरची सायकल चालवणाऱ्या एदुआर फिशर या व्यावसायिक स्पर्धकाला त्यांनी मागे टाकलं. हा निकाल पाहून आंरी देग्रांज या पत्रकाराने जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी ठीक आहेत, खऱ्या मर्दाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं. पुढच्याच वर्षी याच देग्रांज यांनी टूर द फ्रान्स सुरू केली आणि आपला हट्ट स्पर्धेच्या नियमांत घातला. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दातेरी चकत्या असायच्या. चढ आला की स्पर्धक उतरणार, चाक काढणार, उलटं फिरवून बसवणार आणि पुन्हा निघणार. आजारपणामुळे १९३६ साली देग्रांज बाजूला झाले आणि १९३७ साली टूरमध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळाली.

आज एकवीस गिअरची सायकल चालवणाऱ्याला कोणी फसवा म्हणत नाही. शिवाय देग्रांज यांनी पंचेचाळिशीच्या पुढच्यांना हिणवून का होईना, सूट दिली होतीच! माझे बहुतेक पेशंट त्याच सुटीत बसतात.

हृदयाला विश्रांती की काम?

आता थोडं आमच्या क्षेत्राकडे वळतो, कारण सायकल फार कष्टाची म्हणणारे डॉक्टर पुढे सायकल चालवा म्हणू लागले ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकवरचा मुख्य उपचार होता अंथरुण. चार ते सहा आठवडे सक्तीची विश्रांती, पेशंटने स्वतःच्या हाताने जेवायचंही नाही. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊन, त्या फुप्फुसात जाऊन किती माणसं त्या विश्रांतीनेच गेली असतील! १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा पेशंटना लवकर उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचे निष्कर्ष छापले. नुसतं खुर्चीत बसवणं, आणि तेही त्या वेळी धाडस होतं.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, लंडनच्या जेरी मॉरिस यांचा बसवाल्यांचा प्रसिद्ध अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करत. दोघांचा पगार, वस्ती, खाणं साधारण सारखं. पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. त्याच अभ्यासात टपाल खात्यातली माणसंही होती. चालत आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन एका बाजूला, बसून काम करणारे कारकून आणि टेलिफोनवाले दुसऱ्या बाजूला. तिथेही चित्र तेच. यातला कंडक्टर घाम गाळायला जिममध्ये जात नव्हता, पोस्टमन चषक जिंकत नव्हता. ते फक्त रोज, वर्षानुवर्षं, मध्यम कष्टाचं काम करत होते.

मग २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये हार्ट अटॅक आला. बॉस्टनहून डॉ. पॉल डडली व्हाइट यांना बोलावलं गेलं. त्यांनी पत्रकारांसमोर येऊन हा आजार काय असतो हे साऱ्या देशाला साध्या भाषेत समजावून सांगितलं. अध्यक्ष बरे होऊन कामावर परतले, पुढची निवडणूकही जिंकले. हार्ट अटॅक म्हणजे माणूस संपला, ही समजूत अमेरिकेत तिथून मोडायला लागली. हे व्हाइट स्वतः पक्के सायकलवाले. उतारवयातही सायकल चालवायचे आणि शहरांनी सायकलसाठी वेगळे रस्ते करावेत म्हणून प्रचार करायचे. बॉस्टनमधल्या चार्ल्स नदीच्या काठच्या सायकल मार्गाला त्यांचं नाव दिलेलं आहे. साठ वर्षांपूर्वी ज्या वाहनाने हृदय बिघडेल असं सांगितलं जात होतं, तेच आता हृदयाचे डॉक्टर सुचवू लागले होते.

तरीही चढाचा प्रश्न सुटला नव्हता. तो नेमका काय आहे हे आकड्यांत पाहू.

माझ्या त्या पेशंटचं वजन ८२ किलो आणि साधी सायकल १५ किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने जायला पायांना साधारण ६० वॅट शक्ती द्यावी लागते. आता शंभर मीटरला चार मीटर उंची वाढते असा चढ घ्या. दिसायला फार नाही. त्यावर ताशी १० किलोमीटरने जायचं तर सुमारे १३५ वॅट लागतात, म्हणजे दुपटीहून जास्त. आम्ही डॉक्टर कष्ट 'मेट'मध्ये मोजतो. निवांत बसलेल्या शरीराला लागणारी ऊर्जा म्हणजे एक मेट. सपाटीचं काम सव्वाचार मेटच्या आसपास, चढाचं सात मेट. कित्येक हृदयरुग्णांची स्ट्रेस टेस्ट ट्रेडमिलवर सहा-सात मेटपाशीच थांबवावी लागते. थोडक्यात, तो रोजचा चढ म्हणजे रोजची स्ट्रेस टेस्ट, तीही शेजारी डॉक्टर नसताना.

चालणाऱ्याला चढावर एक सोय असते. दम लागला की तो पावलं हळू टाकतो. सायकलवर तसं करता येत नाही. ठरावीक वेगाच्या खाली गेलं की तोल जातो. त्यामुळे एकतर पूर्ण किंमत मोजा, नाहीतर खाली उतरा. माझे पेशंट खाली उतरत होते ते आळशीपणाने नव्हे.

जपानमधून आलेलं उत्तर

या कोड्याचं उत्तर मोटरसायकली बनवणाऱ्या कंपनीने शोधलं. जपानमधल्या यामाहाने नोव्हेंबर १९९३ मध्ये मोजक्या भागात एक सायकल विकायला काढली, नाव 'पास', म्हणजे पॉवर असिस्ट सिस्टीम. किंमत १ लाख ४९ हजार येन, वजन ३१ किलो, मोटर २३५ वॅटची. पुढच्या वर्षी ती जपानभर मिळू लागली.

सायकलला मोटर लावणं नवीन नव्हतं. नवीन होता तो तिच्यातला सेन्सर. तुम्ही पेडलवर किती जोर देता हे तो क्षणोक्षणी मोजायचा आणि मोटर त्या प्रमाणात साथ द्यायची. तुम्ही एक भाग दिला तर मोटर एक भाग देणार. पाय थांबले की मोटर थांबली. वेग वाढत गेला की मदत कमी होत जायची आणि ताशी २४ किलोमीटरला शून्यावर यायची. हँडलवर पिळायला मूठच नव्हती.

यामागे कायद्याचंही कारण होतं, हे मान्य केलं पाहिजे. जपानी कायद्याने मोटर लावलेली दुचाकी म्हणजे मोपेड. तिला लायसन्स लागणार, नंबर प्लेट लागणार. मग ती कोण घेणार? माणूस पेडल मारत नसेल तर हे यंत्र एक इंचही पुढे जात नाही, म्हणून ही सायकलच आहे, हे सरकारी यंत्रणेला पटवावं लागलं. कायद्यातून वाट काढताना कंपनीने, कदाचित नकळत, एक उत्तम व्यायामाचं साधन तयार केलं.

वरचा हिशेब पुन्हा करू. मोटर आणि बॅटरीमुळे सायकल आठ किलोने जड झाली असं धरलं तर त्याच चढावर एकूण १४५ वॅट लागतील. निम्मे मोटरने दिले, म्हणजे पायांच्या वाट्याला ७३ आले. सात मेटचा चढ पावणेपाच मेटचा झाला. शून्य नाही झाला, हे लक्षात घ्या. पावणेपाच मेट म्हणजे भराभर चालण्यापेक्षा थोडा जास्त, अगदी आपण ज्याला मध्यम व्यायाम म्हणतो तेवढा.

आता याच सुमारास चीनमध्ये काय झालं ते पाहा. १९९०च्या दशकात तिथल्या मोठ्या शहरांनी धुरामुळे पेट्रोलच्या दुचाकींवर बंधनं आणली. लोकांना स्वस्त वाहन हवंच होतं. १९९९ च्या चिनी मानकात इलेक्ट्रिक सायकलची व्याख्या केली गेली ती ताशी २० किलोमीटर वेग, ४० किलो वजन आणि पेडल हवेत अशी. कंपन्यांनी पेडल लावले. पण बरोबर हँडलवर मूठही दिली. २००३ साली सार्सची साथ आली, लोक बसमध्ये बसायला घाबरू लागले आणि या गाड्यांची विक्री आणखी वाढली. हळूहळू त्या रुंद झाल्या, जड झाल्या, आणि पेडल नुसते नियमापुरते उरले. वाहन म्हणून ती क्रांतीच होती, कोट्यवधी लोकांची सोय झाली, धूर कमी झाला. पण व्यायाम म्हणून विचाराल तर स्कूटरवर बसण्याइतकाच.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली लूना आणली तेव्हा तिलाही पेडल होते. गाडी सुरू करायला आणि पेट्रोल संपलं की घरी पोचायला. लूनावरून फिरून कोणाची शुगर उतरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दोन्ही यंत्रांत मोटर आहे, बॅटरी आहे, दोन चाकं आहेत. एकात मोटरला हुकूम पाय देतो, दुसऱ्यात हात. मी त्या दिवशी ओपीडीत या दोन्हींना एकाच टोपलीत टाकलं होतं.

युरोपात मोजमाप झालं

युरोपने जपानी वाट धरली. जर्मनीत एगॉन गेलहार्ड यांनी १९८२ सालीच पेडल मारल्यावरच मदत देणाऱ्या मोटरची कल्पना मांडली होती. २००२ च्या युरोपीय नियमाने २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा घालून, पाय थांबले की मोटर थांबणारी गाडी ही सायकलच, असं ठरवून टाकलं. लिथियमच्या बॅटऱ्यांनी वजन उतरलं. बॉशसारखी मोटारींचे भाग बनवणारी कंपनी या धंद्यात आली. नेदरलँड्समध्ये तर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींत निम्म्याहून जास्त ई-सायकली आहेत.

वापर वाढला तसे अभ्यासही झाले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २०१६ साली छापलेल्या एका अभ्यासात व्यायाम न करणारी वीस माणसं घेतली होती. चार आठवडे, आठवड्यातून किमान तीन दिवस, दिवसाला चाळीस मिनिटं ई-सायकल. वेग आणि मदत ज्याची त्याने ठरवायची. सरासरी कष्ट भरले ४.९ मेट. चार आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी मोजलेली साखर कमी झाली. अभ्यास लहान आहे, त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे.

२०१९ चा दुसरा अभ्यास सात युरोपीय शहरांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांचा. त्यात ई-सायकलवाल्यांचा आठवड्याचा एकूण व्यायाम साध्या सायकलवाल्यांच्या बरोबरीने निघाला. कारण एका किलोमीटरला कष्ट कमी पडले तरी ते जास्त लांब जात होते. मोटार किंवा बस सोडून ई-सायकलवर आलेल्यांचा व्यायाम वाढला, साधी सायकल सोडून आलेल्यांचा थोडा घटला. म्हणजे तुम्ही आज साधी सायकल आनंदाने चालवत असाल तर ती सोडू नका. तुमची आजची तुलना सोफ्याशी किंवा स्कूटरशी असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी बाजूही तिथूनच कळली. २०१७ साली नेदरलँड्समध्ये अपघातात २०६ सायकलस्वार दगावले, मोटारीतले २०१. सायकलस्वारांचा आकडा मोटारवाल्यांच्या पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ. त्यातले साधारण चतुर्थांश ई-सायकलवर होते आणि त्यांत निम्म्याहून जास्त पासष्टीपुढचे पुरुष. वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसलेला माणूस, पंचवीस किलोची सायकल, तरुणपणापेक्षा जास्त वेग आणि डोक्यावर हेल्मेट नाही. पाय जितक्या वेगाने नेतात तितक्या वेगाने हात ब्रेक दाबत नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर

आपल्याकडे ढोबळमानाने मोटर २५० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि वजन साठ किलोच्या आत असेल तर लायसन्स आणि नंबर प्लेट लागत नाही. इथल्या बऱ्याच ई-सायकलींना मात्र दोन्ही असतात, पेडलची मदतही आणि पिळायची मूठही. इतिहास माहीत झाल्यावर दुकानदाराला पहिला प्रश्न कुठला विचारायचा हे तुमच्या लक्षात आलं असेल. सेन्सर कुठला आहे? टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजतो. कॅडन्स सेन्सर पेडल फिरतंय की नाही एवढंच पाहतो, त्यामुळे पाय नुसते हवेत फिरवले तरी मोटर पूर्ण जोर देते. टॉर्क सेन्सरवाली महाग पडते. परवडत असेल तर तीच घ्या. नसेल परवडत तर कॅडन्सवालीही चालेल, पण मदतीची पातळी खालच्या आकड्यावर ठेवायची शिस्त तुम्हाला स्वतःला पाळावी लागेल. मूठ फक्त सिग्नलला गाडी हलवायला किंवा खरोखर अडल्यावर.

दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून सायकल घेऊ नका, जवळचा चढ शोधा. डिस्क ब्रेक असावेत. कंबर किंवा गुडघे धरलेले असतील तर मधली दांडी खाली असलेली फ्रेम घ्या, पाय उंच टाकावा लागत नाही. सीट एवढी उंच की पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी खाली ठेवलेल्या सीटच्या असतात, असं माझं मत आहे.

हृदयाचा त्रास, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असेल तर आधी आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, ती गोळी नाडी वाढूच देत नाही. त्यापेक्षा बोलून पाहा. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम बरोबर. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, थंड घाम असं काही झालं तर तिथेच थांबा. 'घर जवळच आहे' म्हणून पुढे जाऊ नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही मेंदूत रक्तस्राव करू शकतो, त्यामुळे हेल्मेटशिवाय गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही नको.

माझ्या त्या पेशंटना मी २०२० साली फोन करून सांगितलं, की तेव्हाचा माझा सल्ला चुकला होता. ते हसले, म्हणाले, "डॉक्टर, मुलगी केव्हाची मागे लागलीय, तुमच्या परवानगीची वाट बघत होतो." स्ट्रेस टेस्ट केली, मग दिवाळीत सायकल आली, टॉर्क सेन्सरवाली. एचबीएवनसी सव्वा वर्षाने ७.३ वर आलं. त्यात सायकलचा वाटा किती आणि वाढवलेल्या गोळ्यांचा किती, हे मी सांगू शकत नाही, पण त्यातली एक गोळी नंतर कमी करता आली. चढाला ते आधी तिसऱ्या पातळीची मदत घ्यायचे, आता पहिलीवर भागतं. सपाटीला मोटर बंद.

गेल्या महिन्यात आले तेव्हा तक्रार वेगळी होती. बॅटरी जुनी झालीय, पूर्वी चाळीस किलोमीटर जायची ती आता पंचवीसलाच मान टाकते, नवीन घ्यावी का? मी म्हटलं, तुमची रोजची चक्कर अठराची, अजून वर्षभर काढा. यंदाची स्ट्रेस टेस्ट राहिली होती, तिची तारीख दिली. निघताना दारातून वळून विचारलं, "टेस्टला सायकलवरून येऊ?" त्या दिवशी रिक्षाने या, म्हटलं.